जुना लॅपटॉप, परभणीचा उन्हाळा आणि प्रोसेसरला लगाम

आज संगणक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीची जाहिरात, सर्व काही त्याच्याच मार्फत येते. परंतु प्रत्येक घराला नवा लॅपटॉप घेणे परवडत नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ पासून 'विंडोज १०' या प्रणालीचे नियमित साहाय्य बंद झाले. त्यामुळे अनेक जुन्या यंत्रांवर लिनक्स बसविली जात आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने तिच्यावरच आधारलेली 'बॉस' ही प्रणाली २००७ साली दिली. मात्र लिनक्स बसविली म्हणजे जुने यंत्र तरुण होते असे नव्हे. त्याला बेताने राबविणेही शिकावे लागते.

आमच्या अभ्यासिकेत दान म्हणून आलेला असाच एक लॅपटॉप आहे. एका मे महिन्यात, भर दुपारी, एक विद्यार्थिनी नोकरीचा अर्ज भरीत होती. अर्जाचा शेवटचा दिवस होता. पंख्याचा आवाज वाढला आणि यंत्र एकाएकी बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद पडले. अखेर तिला बाजारातील केंद्रावर रांगेत उभे राहून रात्री अर्ज भरावा लागला. दुरुस्ती करणाऱ्याने "आता नवाच घ्या" असा सल्ला दिला. आम्ही मात्र कारण शोधावयाचे ठरविले.

यंत्र बंद का पडते?

प्रोसेसर काम करतो तेव्हा तापतो. उष्णता फार वाढली की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तरीही पारा चढतच राहिला, साधारण १०० अंशांच्या आसपास गेला, तर जळू नये म्हणून यंत्र बंद होते. उष्णता बाहेर किती जाते हे आतल्या व बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. समजा प्रोसेसर ९० अंशांवर आहे. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ६५ चा, आणि ४० अंशांवर असेल तर ५० चाच. म्हणजे तोच पंखा आपल्या उन्हाळ्यात जवळजवळ पावपट कमी उष्णता बाहेर टाकतो. थंड गावी निभावणारे यंत्र परभणीत दम टाकते ते यामुळे.

आम्ही काय केले?

प्रथम पंख्यात साचलेली धूळ काढली. ही पायरी कोणीही गाळू नये. नंतर 'टॉप' ही आज्ञा देऊन कोणता प्रोग्राम किती राबतो ते पाहिले. अर्ज भरण्याच्या ब्राउझरपेक्षा पार्श्वभूमीत फाइलींची सूची करीत बसलेला प्रोग्रामच जास्त खात होता! त्याला आवरण्याचे तीन मार्ग आहेत. त्यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे.

१) नाइस : या आज्ञेने प्रोग्रामचा मान ठरतो. उणे २० म्हणजे सर्वांत मोठा मान, १९ म्हणजे सर्वांत लहान. पंगतीत शेवटी बसणाऱ्याप्रमाणे लहान मानाच्या प्रोग्रामला इतरांनंतर वाढले जाते. पण पंगतीत दुसरे कोणी नसेल तर तो सगळेच ताट साफ करतो. म्हणून नाइसने आपले काम अडखळत नाही, परंतु उष्णता कमी होईलच असे नाही. आमची पहिली चूक हीच झाली.

२) सीपीयूलिमिट : हे साधन प्रोग्रामला क्षणभर थांबविते, क्षणभर चालू देते, व ठरविलेल्या टक्क्यांच्या आत ठेवते. येथे १०० टक्के म्हणजे एक गाभा. चार गाभ्यांच्या यंत्रात पूर्ण ताकद ४०० टक्के होते. नव्या लिनक्समध्ये सिस्टमडीच्या 'सीपीयूकोटा' या नोंदीने हेच अधिक सफाईने करता येते.

३) वेगाची कमाल मर्यादा : 'सीपीयूपॉवर' या साधनाने प्रोसेसरचा सर्वाधिक वेगच बांधून टाकता येतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये 'टर्बो' ही जादा धाव बंद करता येते. हा मार्ग सर्वांत गुणकारी आहे. कारण काम करताना लागणारी वीज ही वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराप्रमाणे बदलते. वेग २० टक्के व त्याबरोबर व्होल्टेज १० टक्के उतरले, तर ०.८ गुणिले ०.८१, म्हणजे सुमारे ६५ टक्केच वीज लागते. वेग पाचव्या हिश्श्याने घटतो, उष्णता मात्र एक तृतीयांशाहून अधिक घटते.

आम्ही सूचीच्या प्रोग्रामला दुसरा उपाय लावला आणि संपूर्ण यंत्राला तिसरा. 'सेन्सर्स' या आज्ञेने रोज दुपारी तापमान पाहत गेलो व मर्यादा थोडी थोडी बदलीत योग्य जागी आणली. ही मर्यादा यंत्र पुन्हा सुरू केल्यावर निघून जाते. म्हणून ती सुरुवातीलाच आपोआप लागेल अशी व्यवस्था करावी लागते. प्रणालीच्या स्वतःच्या प्रोग्रामांना मात्र न समजता हात लावू नये.

आता पाने थोडी सावकाश उघडतात, ही तक्रार मुले करतात आणि ती खरी आहे. परंतु त्यानंतरच्या उन्हाळ्यात भरलेला एकही अर्ज मध्येच तुटला नाही. चार मिनिटांचे काम पाच मिनिटांत होणे परवडते. ते शेवटच्या दिवशी न होणे परवडत नाही. ज्या समाजबांधवांच्या घरी असा लॅपटॉप कपाटात पडून असेल त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी एकदा धूळ झाडून, लगाम लावून पाहावा आणि जवळच्या अभ्यासिकेला द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.