सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी मॅच!

अमेरिकेतला लॅक्रॉसपटू 'प्रो' होतो, पण नोकरी सोडत नाही. असं का?

प्रो खेळाडू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आयपीएलचा लिलाव येतो. आता हा सीन बघा. आठवडाभर शाळेत शिकवायचं नाहीतर ऑफिसात घासायची, शुक्रवारी किटबॅग उचलून विमान गाठायचं, शनिवारी लीगची मॅच खेळायची आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर. अमेरिकेतल्या कित्येक प्रो लॅक्रॉसपटूंचं वर्षानुवर्षं हेच रुटीन होतं.

खेळ तसा सोपा. टोकाला जाळी लावलेली काठी, कडक रबरी चेंडू, प्रत्येक टीमचे दहा जण. जाळीत चेंडू झेलायचा, धक्के खात पळायचं आणि गोल ठोकायचा! मूळ खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा.

शाळेपासूनच फिल्डिंग

मेरीलँड आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या हायस्कुलांत लॅक्रॉसचं वेड जबरदस्त. कॉलेजचे कोच तर आठवी-नववीतल्या पोरांकडूनच तोंडी होकार घेऊन ठेवायचे. अखेर 2017 मध्ये नियम आला: अकरावीच्या 1 सप्टेंबरपूर्वी कोचने भरतीची बोलणी करायची नाहीत.

स्कॉलरशिप, पण वाटून

एवढा आटापिटा करून मिळायचं काय? वरच्या डिव्हिजनमधल्या पुरुषांच्या टीमला मिळून फक्त 12.6 स्कॉलरशिप, आणि टीममध्ये पोरं चाळीसच्या वर! म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच. 2025 मध्ये अनेक मोठ्या कॉलेजांसाठी ही मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीममध्ये जास्तीत जास्त 48 खेळाडू असा नियम आला. पण परवानगी मिळाली म्हणून कॉलेज पैसे सोडेलच असं थोडंच आहे?

प्रो झालो, पुढे काय?

2001 मध्ये मेजर लीग लॅक्रॉस सुरू झाली. स्टार बरेच, पैसा कमी. हंगामभर खेळून अनेकांच्या हाती काही हजार डॉलर. घरभाडं भागवायला नोकरी हवीच!

याच लीगच्या 2008 च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला पॉल रेबिल दहा वर्षांनी वैतागून बाहेर पडला. भाऊ माइकच्या साथीने त्याने प्रीमियर लॅक्रॉस लीग काढली. खेळाडूंना जास्त पगार, आरोग्य विमा आणि चक्क लीगमध्ये हिस्सा! 2019 मध्ये सहा टीम मैदानात उतरल्या, तेव्हा एकाही टीमचं स्वतःचं शहर नव्हतं. दर विकेण्डला सगळी वरात नव्या शहरात. 2020 च्या डिसेंबरमध्ये जुनी लीगच या नव्या लीगमध्ये विलीन झाली. 2024 पासून टीमना आपापली शहरं मिळाली आणि 2025 मध्ये मुलींची लीगही सुरू झाली.

आता नजर 2028 वर. लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सहा-सहा जणांचं झटपट लॅक्रॉस खेळलं जाईल. 1908 नंतर प्रथमच या खेळाला पदकं मिळतील.

आजही अनेक प्रो खेळाडू कोचिंग करून कमाईची जोड देतात. आवडीचं काम आणि महिन्याचा पगार यांचं जुळवणं त्यांनाही सोपं गेलेलं नाही. फरक एवढाच, की त्यांनी बॉसकडे तक्रार करत बसण्यापेक्षा कंपनीच नवी काढली!