पकडीचा हिशेब

प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून त्याला आपल्या हद्दीतून परत जाऊ न देणे किंवा पुढे सरकू न देणे हे ज्या खेळांत बचावाचे मुख्य काम असते, अशा खेळांत अमेरिकन फुटबॉल हा आज जगातील सर्वांत श्रीमंत व्यावसायिक खेळ आहे आणि कबड्डी हा महाराष्ट्राच्या गावागावांत रुजलेला खेळ आहे. या दोन खेळांचे नियम, मैदान आणि अर्थकारण यांत काहीही साम्य नसले, तरी बचावपटूच्या कारकिर्दीला दोन्हीकडे एकाच अडचणीने घेरलेले दिसते, आणि ती अशी की, त्याने घडवलेल्या गोष्टी मोजायच्या कशा, हे खेळाला उशिरा आणि अपुरेच उमगते. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले चिरनेर आणि त्याच्या भोवतीचा उरण-पनवेलचा आगरी-कोळी वस्तीचा पट्टा हे कबड्डीचे जुने क्षेत्र असल्यामुळे, येथील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही.

कबड्डीत एका बाजूचे सात खेळाडू बचावाला उभे राहतात आणि त्यांच्यावर प्रतिस्पर्धी संघाचा एक चढाईपटू ३० सेकंदांसाठी चालून येतो. सात जणांच्या या साखळीत दोन्ही टोकांना कोपरारक्षक असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला मध्यभागाच्या दोन्ही अंगांना ज्यांना खेळाडू ‘कव्हर’ म्हणतात ते दोघे असतात. उरलेल्या जागांवर बहुधा चढाईपटूच उभे केले जातात, म्हणजे खऱ्या अर्थाने बचावाचा भार चौघांवर असतो. कोपरारक्षकाचे मुख्य शस्त्र म्हणजे घोट्याची पकड होय, कारण चढाईपटू जादा गुण देणाऱ्या बोनस रेषेसाठी किंवा पायाने गडी टिपण्यासाठी पाय लांबवतो त्या क्षणी त्याचा तोल एका पायावर आलेला असतो. कव्हरचे काम त्याहून वेगळे आणि अधिक अंगमेहनतीचे आहे. चढाईपटू मध्यरेषेकडे परत फिरू लागला की त्याच्या वाटेत शरीर आडवे घालणे, किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर घालवणे, ही जबाबदारी त्याची असते. कोपऱ्याने पाय धरला आणि कव्हरने वाट बंद केली नाही, तर ती पकड जवळजवळ नेहमीच सुटते, आणि म्हणूनच चांगला बचाव हा एकट्याचा नसून जोड्यांचा असतो.

प्रो कबड्डी लीगच्या २०१५ च्या दुसऱ्या हंगामात यू मुंबा संघाने जे विजेतेपद मिळवले, ते या तत्त्वाचे उत्तम उदाहरण आहे. त्या संघात मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही जोडी कोपऱ्यांत होती, तर कव्हरच्या जागांवर तमिळनाडूचा जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने उभे होते. अंतिम सामन्यात या संघाने बेंगळुरू बुल्सचा ३६-३० असा पराभव केला. विशाल माने पुढे २०१७ मध्ये विजेत्या पाटणा पायरेट्स संघातही होता. प्रेक्षकांच्या ओठांवर त्या वर्षांत अनुप कुमार आणि परदीप नरवाल या चढाईपटूंची नावे होती, आणि त्यांचा मोठेपणा निर्विवाद आहे. तरीही दोन वेगळ्या संघांना विजेतेपदापर्यंत नेणाऱ्या बचावात ज्याची जागा होती, त्या खेळाडूचे नाव आज किती जणांना आठवते, हा प्रश्न विचारावासा वाटतो. डाव्या कोपऱ्यात खेळणारा गिरीश इर्नाक हे महाराष्ट्राचे दुसरे ठळक उदाहरण असून, २०१८ च्या जानेवारीत हैदराबाद येथे सेनादलाला ३४-२९ असे हरवून राष्ट्रीय विजेता ठरलेल्या, रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्र संघात तो होता.

बचावपटूची कारकीर्द घडते ती मात्र अशा झगमगाटापासून दूर, गावातील मंडळाच्या मैदानावर. २०१४ मध्ये व्यावसायिक लीग सुरू होईपर्यंत या खेळातून मिळणारे सर्वांत मोठे फळ म्हणजे नोकरी हेच होते. रेल्वे, पोलीस दल, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांसारख्या आस्थापनांचे संघ खेळाडूंना पोटाची हमी देत आणि त्या बदल्यात त्यांची उमेदीची वर्षे घेत. लीगच्या लिलावाने हे चित्र बदलले. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूई या बचावात गाजलेल्या खेळाडूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले आणि त्याच हंगामात, १ मार्च २०२४ रोजी, हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पुण्याने आपले पहिले विजेतेपद मिळवले. पैसा बचावाकडे वळू लागल्याची ही खूण असली, तरी गुणांची वही अजूनही चढाईपटूचीच बाजू घेते.

त्याचे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. एका हंगामात पकडींचे १०० गुण मिळवणारा पहिला बचावपटू म्हणजे यूपी योद्धाचा नितेश कुमार आणि त्याला हे साधले ते प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या हंगामात. त्याच्या आदल्याच हंगामात परदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण केले होते. चढाईपटू एका चढाईत अनेक गडी टिपू शकतो, तर यशस्वी पकडीला एकच गुण मिळतो, आणि मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या अव्वल पकडीला दोन. यापेक्षाही गंभीर गोष्ट अशी की, पकडीचा गुण ज्याने पकड सुरू केली त्याच्या नावावर जमा होतो आणि जे साखळीतून मदतीला धावले त्यांच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही. उलट चढाईपटू निसटून मध्यरेषेला पोचला, तर त्याला भिडलेले सगळेच बाद होतात. धोका सर्वांचा समान आणि श्रेय मात्र एकाचे, अशी ही व्यवस्था आहे, आणि ती अन्यायकारक आहे.

अमेरिकन फुटबॉलनेही हीच चूक दीर्घकाळ केली. त्या खेळात प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू असतात आणि १९५० पासून खेळाडू हवे तेव्हा बदलण्याची मुभा असल्यामुळे आक्रमणाचा आणि बचावाचा असे दोन स्वतंत्र गट तयार झाले. परिणामी तेथील बचावपटू आयुष्यभर केवळ बचावच करतो. चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला, त्याने चेंडू फेकण्यापूर्वीच, आक्रमण सुरू होते त्या रेषेमागे पाडणे याला ‘सॅक’ म्हणतात आणि तो बचावातील सर्वांत मोलाचा पराक्रम समजला जातो. पण नॅशनल फुटबॉल लीगने खेळाडूगणिक त्याची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली ती १९८२ मध्ये. मिनेसोटा व्हायकिंग्सचा बचावपटू अ‍ॅलन पेज १९७१ मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला आणि १९८१ मध्ये निवृत्त झाला. पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झालेल्या या माणसाच्या नावावर त्यामुळे अधिकृतपणे एकही सॅक नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेकडून दिला जाणारा हा सन्मान त्याच्यानंतर बचावातील फक्त एकाच खेळाडूला, न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरला, १९८६ मध्ये मिळाला. मात्र १९८२ च्या त्या नोंदवहीत एक शहाणपण होते, ते म्हणजे दोघांनी मिळून क्वार्टरबॅकला पाडले तर दोघांच्या नावावर अर्धा-अर्धा सॅक लिहिला जातो.

बचावाची किंमत शरीर चुकवते, याबाबतही अमेरिकेचा अनुभव डोळ्यांआड करता येत नाही. वीस हंगाम खेळलेला बचावपटू ज्युनियर सेआऊ २०१२ मध्ये मरण पावला आणि त्याच्या मेंदूच्या तपासणीत, डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांशी निगडित असलेला, मेंदूची झीज करणारा आजार आढळला. कबड्डीत शिरस्त्राणे आदळत नाहीत, परंतु पायांच्या गर्दीत डोके घालून घोटा धरणाऱ्या मुलाच्या मानेला, खांद्याला आणि गुडघ्याला असलेला धोका खरा आहे, आणि स्पर्धेच्या ठिकाणी प्रशिक्षित वैद्यकीय मदत असणे ही चैन मानली जाऊ नये.

महाराष्ट्रात १५ जुलै हा कबड्डीचे संघटक बुवा साळवी यांचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. गावोगावच्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाईबरोबर उत्कृष्ट पकडीचेही बक्षीस देण्याची जी प्रथा मंडळांनी जपली आहे, ती मोठ्या लीगच्या आधीपासूनची आणि अभिमानाची गोष्ट आहे. चिरनेर, उरण, पनवेल या भागांतील आयोजकांनी आता आणखी एक पाऊल टाकावे: गुणलेखकाच्या वहीत प्रत्येक पकडीपुढे ती सुरू करणाऱ्याबरोबर साखळीतून मदत करणाऱ्याचेही नाव लिहावे आणि हंगामाअखेर ती यादी जिल्हा संघ निवडणाऱ्यांच्या हाती द्यावी. त्यासाठी लागतो तो फक्त वहीतला एक जादा रकाना.