वहीतला घसारा, लोखंडातला घसारा

बँकेच्या नोकरीत ‘घसारा’ हा शब्द मी हजारदा वाचला. अंधेरीच्या मरोळ, साकीनाका भागातल्या गाळेवाल्यांच्या ताळेबंदात तारण दिलेल्या लेथची किंमत दरसाल ठरल्या टक्क्यांनी उतरे. एका मालकाने तेल वेळेवर बदललेले, दुसऱ्याने यंत्र कोरडे पळवलेले; वहीत मात्र दोघांचा घसारा सारखाच. खरा घसारा लोखंड लोखंडावर घासते तिथे होतो आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

हा खर्च लहान नाही. होल्मबर्ग आणि एर्देमिर या शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडलेल्या हिशेबानुसार जगातली सुमारे २३ टक्के ऊर्जा घर्षण आणि झीज यांपायी खर्ची पडते.

यावर सध्या ज्याचा बोलबाला आहे, ते ग्राफीन आपल्या घरातच असते. शिसपेन्सिलीत शिसे नसतेच. असते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच्या पापुद्र्यांची चळत. पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून पेन्सिल उमटते. त्यातला एक सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. तो गाइम आणि नोवोसेलोव यांनी मँचेस्टरला चक्क चिकटपट्टीने वेगळा काढला, २००४ साली. त्याबद्दल २०१० चे नोबेल त्यांना मिळाले.

अमेरिकेतल्या अर्गॉन प्रयोगशाळेत याच एर्देमिर यांच्यासह काम केलेले अनिरुद्ध सुमंत पुणे विद्यापीठात शिकलेले. या मंडळींनी पोलादावर ग्राफीनचा विरळ थर देऊन घर्षण जवळपास सहाव्या हिश्श्यावर आणले. २०१५ साली त्यांनी ग्राफीनच्या जोडीला हिऱ्याचे सूक्ष्म कण घेऊन घर्षण शून्याच्या आसपास नेले. पण कोरड्या वातावरणात. हवा दमट झाली की ती किमया ओसरते. आपल्याकडचा जुलै महिना आठवून पाहा!

तेलात मिसळायचे तर आणखी एक पेच. ग्राफीनचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. त्यांना तरंगत ठेवण्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. प्रमाण वाढवले म्हणून गुणही वाढतो असे नाही.

तेव्हा ‘ग्राफीनयुक्त’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली गाळ्यात आली, तर तिला जुन्या बँकवाल्याचा प्रश्न विचारावा : जामीन कोण? चाचणी कोणत्या धातूवर, कोणत्या तेलात, किती भाराखाली, किती तापमानाला झाली? उत्तर मिळाले तर जरूर वापरावी. तोवर तेल गाळून घ्यावे, धूळ झाडावी, ठरल्या दिवशी तेल बदलावे. घसारा अटळ असेल. पण त्याचा दर पुष्कळसा आपल्या हाती असतो.