आजी, महिने उलटे म्हणा बघू

उज्जैनच्या माधवनगरातल्या एखाद्या मराठी घरात ऐंशीच्या आजी सकाळी चादरीवरून न दिसणारं काहीतरी चिमटीत उचलू लागतात. गेलेल्या आजोबांना हाक मारतात, तासाभराने शुद्धीवर येऊन चहा मागतात आणि दिवेलागणीला पुन्हा बरळतात. घरचे म्हणतात, ‘वात झालाय.’ शेजारीण म्हणते, ‘सठिया गई हैं.’ घरच्यांचं निदान जास्त बरोबर. म्हातारचळ एका रात्रीत लागत नाही. तासा-दिवसांत बिघडलेलं, सारखं वरखाली होणारं भान म्हणजे डिलिरियम. आणि त्याचं मूळ पुष्कळदा मेंदूबाहेरच असतं. चादर चिमटणारी ती बोटं हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनीही टिपून ठेवली आहेत!

हे घडतं कसं, याचा एक धागा उज्जैनमध्ये महाकालाला वाहिल्या जाणाऱ्या धोत्र्यात आहे. धोतरा पोटात गेला की बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, लघवी तुंबते आणि माणूस हवेतलं काहीबाही वेचू लागतो. त्यातलं अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनची वाट अडवतं, आणि लक्ष टिकवायला तेच रसायन लागतं. गंमत पुढेच आहे. अ‍ॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्या तीच वाट थोडी थोडी अडवतात. तरुणाला नुसती गुंगी येते. आजींना तेवढंही पुरतं. म्हणून इमर्जन्सीत जाताना आधारकार्डाआधी गोळ्यांची पिशवी उचलावी.

तपासणी मात्र फुकटची: महिने उलटे म्हणायला लावायचे. आजींना जानेवारी-डिसेंबरपेक्षा चैत्र-वैशाख जवळचे असतील तर तेच, आणि मराठीतच. फाल्गुन, माघ, पौष... मग पुन्हा माघ, मग खिडकीकडे नजर. स्मरणशक्तीपेक्षा इथे लक्ष घसरतंय. दुसरा पुरावा नातेवाइकाचा: ‘कालपर्यंत ही अशी नव्हती.’ माझ्या मते कित्येकदा स्कॅनपेक्षा हे एक वाक्य जास्त सांगून जातं.

एंगेल आणि रोमानो या अमेरिकन डॉक्टरांनी १९४०च्या दशकात अशा रुग्णांचे ईईजी काढले. भान हरपलं की मेंदूच्या लहरी मंदावत, मूळ बिघाड सुधारला की पुन्हा वेग घेत. त्यामुळे उपचार सुरू होतात ते बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरपासून आणि साखर तपासायच्या रक्ताच्या थेंबापासून. मग ताप, सोडियम, न्यूमोनिया, फुगलेलं मूत्राशय. नळी घालून लघवी मोकळी केल्यावर माणूस ताळ्यावर आल्याची उदाहरणं आहेत. आजींचा चष्मा आणि कानातलं यंत्र लगेच लावावं, ओळखीचं माणूस उशाशी बसवावं. हात बांधले की रुग्ण आणखी खवळतो. जिवाला धोका असेल तरच हॅलोपेरिडॉलची छोटी मात्रा; झोपेची इंजेक्शनं बहुधा गोंधळ वाढवतात. दारू अचानक सुटल्यामुळे आलेला वात निराळा. तिथे बेन्झोडायझेपिन गटातली औषधंच लागतात, जोडीला थायमिन.

आरडाओरडा करणारा रुग्ण निदान सगळ्यांच्या नजरेत तरी येतो. फसवतो तो गप्प पडलेला. हाकेला उशिरा ओ देणारा, जेवणाकडे न बघणारा म्हातारा ‘आराम करतोय’ असंच सगळ्यांना वाटतं. २०२० मध्ये माधवनगरचं सरकारी रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं. त्या साथीत जगभर असे वृद्ध आढळले, ज्यांना ताप नव्हता, खोकला नव्हता. भान तेवढं सुटलं होतं.