स्मृतिभ्रंश : थायलंडमधील कारणे

स्मरणशक्ती, भाषा, विचार व निर्णयशक्ती यांचा उत्तरोत्तर ऱ्हास होऊन नित्याचे व्यवहार स्वतंत्रपणे करता येईनासे होतात, त्या अवस्थेस स्मृतिभ्रंश म्हणतात. हा एकच एक रोग नसून मेंदूस इजा करणाऱ्या विविध रोगांतून उद्‌भवणारा लक्षणसमूह आहे. थाई भाषेत त्यास ‘समोंग स्युअम’ (मेंदूची झीज) अशी संज्ञा आहे. म्हातारपणी विसराळूपणा यायचाच, ही समजूत इतर देशांप्रमाणे थायलंडमध्येही आढळते. वाढते वय हा सर्वांत मोठा धोका असला, तरी वय हे स्वतः रोगाचे कारण नव्हे. ही समजूत दृढ असली म्हणजे टाळता येण्याजोगी व बरी होण्याजोगी कारणेही तपासली जात नाहीत.

१९७० पासून राबविलेले कुटुंबनियोजन आणि वाढलेले आयुर्मान यांमुळे थायलंडची लोकसंख्या झपाट्याने वृद्ध झाली. २००० मध्ये साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण दशांशाहून थोडे कमी होते; २०२० नंतर ते सुमारे पंचमांशावर गेले. साहजिकच स्मृतिभ्रंशाचे रुग्णही वाढले.

अल्झायमर रोग : १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी वर्णिलेला हा रोग थायलंडमध्येही स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण आहे. यात ॲमिलॉइड व टाऊ ही प्रथिने मेंदूत साचून तंत्रिका कोशिका नष्ट होतात. या रोगाचा धोका वाढविणारा एपोलिपोप्रोटीन-ई जनुकाचा ई-४ हा प्रकार उत्तर यूरोपीय लोकांच्या मानाने थाई लोकांत कमी आढळतो. मात्र तो असलेल्या थाई व्यक्तींनाही धोका अधिक असतो.

रक्तवाहिन्यांचे विकार : मेंदूतील रोहिण्या अरुंद झाल्याने वा फुटल्याने होणारा स्मृतिभ्रंश याखालोखाल महत्त्वाचा आहे. आशियाई लोकांत, आणि थाई लोकांतही, कवटीच्या आतील रोहिण्यांचे काठिण्य पाश्चात्त्यांपेक्षा अधिक दिसते. २०१४ च्या राष्ट्रीय आरोग्य तपासणी सर्वेक्षणात सुमारे चतुर्थांश प्रौढांना अतिरक्तदाब आढळला. आहारातील मीठ हे त्याचे एक कारण होय. ‘नाम प्ला’ (माशांचा खारट रस), ‘कापी’ (कोळंबीची आंबवलेली चटणी) व झटपट शेवया यांतून जाणारे सोडियम जागतिक आरोग्य संघटनेच्या दैनिक २,००० मिग्रॅ. या मर्यादेच्या बरेच वर जाते. पक्षाघाताचे मोठे झटके न येताही लहान लहान रोहिण्या बंद पडून बुद्धी हळूहळू क्षीण होते. अनेक वृद्धांत हा विकार व अल्झायमर रोग एकत्र असतात.

त्रुटी व मद्यपान : पांढरा सडीचा तांदूळ, कच्चे आंबवलेले मासे (प्ला रा), सुपारी आणि उत्तरेकडे चघळली जाणारी आंबवलेली चहाची पाने (मियांग) यांमुळे थायामीन (ब१ जीवनसत्त्व) कमी पडते, असे १९७० नंतरच्या दशकात थाई संशोधकांनी दाखविले. कच्च्या माशांतील थायामीन नष्ट करणारे एंझाइम शिजविल्याने निष्प्रभ होते. सुपारी व चहा यांतील टॅनिनाचा परिणाम त्याहून वेगळा असतो. जोडीला अतिमद्यपान असल्यास वेर्निके-कोर्साकोव्ह विकार होऊ शकतो. थायामीन त्वरित टोचल्यास तो आटोक्यात येतो. उशीर झाल्यास स्मृतिनाश कायमचा राहतो.

संसर्ग व इजा : थायलंडमध्ये एड्सचा पहिला रुग्ण १९८४ मध्ये आढळला. पुढील दशकांत एचआयव्हीमुळे तरुणांतही बुद्धीचा ऱ्हास दिसू लागला. प्रतिव्हायरस औषधांमुळे त्याचे तीव्र प्रकार विरळ झाले. उपचार न झालेला उपदंश (गरमी) हेही एक कारण आहे. मोटारसायकलींच्या अपघातांत डोक्यास मार लागतो. वृद्धांत तर किरकोळ पडण्यानेही मेंदूच्या बाह्य आवरणाखाली रक्त साचते. शस्त्रक्रियेने ते काढल्यास रुग्ण पुष्कळदा पूर्ववत होतो. अवटू ग्रंथीची मंदक्रिया व ब१२ जीवनसत्त्वाची त्रुटी हीदेखील उपचारसाध्य कारणे आहेत.

शिक्षण व निदान : १९२१ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, परंतु ग्रामीण भागातील वृद्धांच्या कित्येक पिढ्यांचे शिक्षण चौथीपुढे गेले नाही. अल्पशिक्षण हा स्वतःच एक धोका आहे. शिवाय लेखन व गणित यांवर आधारलेल्या चाचणीत निरोगी निरक्षर व्यक्तीही रुग्ण ठरू शकते. यास्तव २००२ च्या थाई मनोवस्था चाचणीत निरक्षरांसाठी २३ पैकी १४, प्राथमिक शिक्षितांसाठी ३० पैकी १७ व त्यापुढील शिक्षितांसाठी ३० पैकी २२ किंवा त्याहून कमी गुण संशयास्पद मानले जातात.

प्रतिबंध : २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ आयोगाने जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश तत्त्वतः टाळता किंवा लांबविता येण्याजोगा असल्याचा अंदाज मांडला. थायलंडमध्ये दहा लाखांहून अधिक ग्राम आरोग्य स्वयंसेवक आणि २००२ पासूनची सार्वत्रिक आरोग्य विमा योजना यांमुळे रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी खेड्यापर्यंत पोहोचू शकते. स्मृतिभ्रंशाचा संशय येताच रक्ततपासणी व मेंदूचे प्रतिमाचित्रण करून उपचारसाध्य कारणे प्रथम वगळणे इष्ट असते. अल्झायमर रोग बरा करणारे औषध नसल्याने, मध्यमवयात रक्तवाहिन्यांची काळजी घेणे हाच प्रतिबंधाचा सर्वांत व्यवहार्य मार्ग ठरतो.