वाघाच्या शिक्क्यामागची माणसं

मंडळी, सध्या मासेमारी बंद आहे. होड्या वर ओढून ठेवल्यात, जाळी दुरुस्तीला काढलीत. संध्याकाळी गावच्या हॉलमधून पोरांचा आवाज येतो, ‘इची, नी, सान!’ आपल्या बऱ्याच घरांतली मुलं-मुली कराटेला जातात. कित्येकांच्या शर्टावर गोलात बसवलेला एक वाघ असतो. परवा आमच्या एका तांडेलानं विचारलं, ‘हा वाघ कुणाचा रे?’ म्हणून आज त्या वाघाची गोष्ट सांगतो.

हा वाघ शोतोकान शाळेचा. कराटे मूळचं ओकिनावा बेटांवरचं, म्हणजे दर्यावरच्याच लोकांचं. तिथल्या जुन्या शस्त्रविद्येत होडीचं वल्हंसुद्धा आहे. त्याला ते ‘एकू’ म्हणतात. वल्ह्याच्या पात्यानं किनाऱ्यावरची वाळू समोरच्याच्या डोळ्यांत उडवायची, असा डाव त्यात आजही शिकवतात. त्सुकेन नावाच्या छोट्या बेटावरून आलेला वल्ह्याचा एक काता अजून टिकून आहे.

या ओकिनावातले एक शाळामास्तर म्हणजे गिचिन फुनाकोशी. जन्म 1868 चा. 1922 मध्ये कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला ते तोक्योला गेले. वय पन्नाशी ओलांडलेलं, बायको मागे गावीच. होआन कोसुगी नावाच्या चित्रकारानं त्यांना आग्रह केला, ‘इथंच राहा, आम्हाला शिकवा.’ मास्तर राहिले. पुढे त्यांच्या पुस्तकासाठी याच चित्रकारानं वाघ काढून दिला. पोरांच्या शर्टावरचा वाघ तो हाच.

सुरुवातीचे दिवस मात्र हलाखीचे होते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, दाराजवळच्या लहानशा खोलीत मास्तर राहायचे. विद्यार्थी वर्गात गेले की आवार झाडायचे. खानावळीचं बिल भागेना, तेव्हा तिथल्या आचाऱ्यालाच त्यांनी कराटे शिकवायला घेतलं आणि बिलात सूट मिळवली. एकदा जुनी टोपी आणि हातमागाचा किमोनो गहाण ठेवायला गेले, तर अपेक्षेपेक्षा जास्त पैसे हातात पडले. मागाहून कळलं, त्या दुकानातल्या एका नोकराचा धाकटा भाऊ त्यांचा शिष्य होता! या आठवणी मास्तरांनी स्वतःच लिहून ठेवल्यात.

1923 मध्ये मोठा भूकंप झाला. मास्तरांचे काही शिष्यही त्यात गेले. शिकवायला जागा राहिली नाही, तेव्हा तलवारविद्येचे नामांकित गुरू हाकुदो नाकायामा यांनी आपली शाळा रिकाम्या वेळात वापरायला दिली. दुसऱ्या कलेचा माणूस, पण दार उघडून दिलं.

1935 मध्ये चाहत्यांनी समिती नेमून देशभरातून वर्गणी गोळा केली आणि तोक्योच्या झोशिगाया भागात कराटेची स्वतःची इमारत उभी राहिली. मास्तर कविता करायचे, त्याखाली ‘शोतो’ अशी सही करायचे. अर्थ, पाइनच्या रानात वारा शिरला की येणाऱ्या लाटा. ‘कान’ म्हणजे वास्तू. इमारतीला ‘शोतोकान’ हे नाव मास्तरांनी स्वतः दिलं नाही, ते त्यांच्या माणसांनी दिलं.

पुढे युद्ध आलं. 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात ती इमारत जळून गेली. त्याच वर्षी हाताशी आलेला, शाळा सांभाळणारा मुलगा योशिताका वारला. दोन वर्षांनी पत्नीही गेली. घरची होडी फुटणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण इथं होडी आणि घरचा तांडेल एकदमच गेला, आणि मागे उरलेला म्हातारा सत्तरी पार केलेला.

तरी शाळा बुडाली नाही. युद्धातून परतलेले शिष्य एकमेकांना शोधत जमले. 1949 मध्ये त्यांनी जपान कराटे असोसिएशन उभी केली आणि म्हाताऱ्या गुरूंना मानाच्या जागी बसवलं. 1957 मध्ये मास्तर गेले. त्यानंतर शिष्यांत मतभेदही झाले, वेगळ्या चुली मांडल्या गेल्या. चार माणसं एकत्र आली की ते व्हायचंच. पण शिकवणं कुणीच थांबवलं नाही, आणि म्हणूनच ते आज आपल्या गावच्या हॉलपर्यंत पोचलं.

आम्हाला वाटतं, या शाळेचा सत्कार करायचा तर गुरूंबरोबर त्या आचाऱ्याचा, गहाणवटीच्या दुकानातल्या नोकराचा, वर्गणी देणाऱ्यांचाही करायला हवा. आपल्याकडेही तसंच आहे. बंदीच्या महिन्यांत हात आखडता असताना फी बाजूला काढणारी आई, हॉलची चावी वेळेवर उघडणारे काका, लहानग्यांना पट्टा बांधायला शिकवणारी मोठी मुलगी, ही सगळी त्या शाळेचीच माणसं.

तेव्हा येत्या बेल्ट परीक्षेला पोरांचं कौतुक करायला सगळ्यांनी या. आणि तुमच्या घरातलं कोण कराटेला जातं, तेही खाली लिहा.