पहिल्यांदाच इटलीला जाताय? आधी ठरवा, उतरायचं कुठे!

वाशिम जिल्ह्यातल्या धनजहून इटलीला जायचं, तर समृद्धी महामार्गाने मुंबई गाठता येते. पण मुंबईहून इटलीत कुठे उतरायचं?

अनेक जण रोमचंच जाण्या-येण्याचं तिकीट काढतात. तिथेच एक दिवस वाया जातो. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस पाहून झालं की केवळ विमानासाठी पुन्हा रोमला यावं लागतं. वेगवान रेल्वेनेही त्याला सुमारे ४ तास लागतात.

त्याऐवजी 'मल्टी-सिटी' तिकीट पाहा. जाताना मुंबई-रोम, येताना व्हेनिस-मुंबई. दुबईमार्गे दोन्ही शहरांना विमानं आहेत. हे तिकीट थोडं महाग दिसलं, तरी वाचलेलं रेल्वेभाडं आणि रोममधली जादा रात्र हिशेबात धरा.

आता मार्ग सरळ होतो. रेल्वेने रोम-फ्लोरेन्स साधारण दीड तास, फ्लोरेन्स-व्हेनिस सव्वादोन तास. सात रात्री असतील, तर रोमला ३, बाकी दोन्हीकडे २-२.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.